कानाएवढी काठी

मला गोल्फ कधीच धड खेळता आला नाही, आणि कुणी विचारलं तर हे मी आजही मोकळेपणाने सांगतो. मला नाद होता तो दांड्यांचा. गोल्फच्या काठीला खाली लाकडी किंवा लोखंडी डोकं असतं आणि त्यात बसवलेला लांब दांडा असतो. खेळणारे डोक्याबद्दल बोलतात, मी दांड्याबद्दल बोलायचो. चेंडू कुठे पडला यापेक्षा मारताना हाताला काय कळलं, हे मला महत्त्वाचं वाटे. बायको म्हणायची, तुम्हाला खेळायचं नाहीच, नुसतं सुतारकाम करायचंय. तिचं म्हणणं काही खोटं नव्हतं.

सोलापुरात गोल्फ म्हटलं की लोक आधी हसायचे आणि मग तो काय असतो ते विचारायचे. आमच्या गिरणीच्या मागे मुरमाड माळ होता. गोऱ्या साहेबांच्या काळात तिथे सहा खड्डे पाडले होते आणि ते गेल्यावरही आमच्या अधिकाऱ्यांनी ते राखले होते. हिरवळीचं नाव नको. प्यायच्या पाण्याची मारामार तिथे गवताला कोण पाणी घालणार? प्रत्येक खड्ड्याभोवती वाळूचं एक वर्तुळ असायचं, त्यात मागांचं वापरलेलं काळं तेल कालवून रूळ फिरवलेला. चेंडू त्यावरून बरा घरंगळायचा आणि खेळणाऱ्यांच्या पांढऱ्या विजारी काळ्या व्हायच्या.

मी विणाई खात्यात मागांच्या दुरुस्तीवर होतो. सगळे मला मास्तर म्हणत. आमच्या इंजिनिअर साहेबांची पाठ धरली आणि डॉक्टरांनी खेळ बंद केला, तेव्हा त्यांनी आपली कॅनव्हासची जुनी पिशवी मला दिली. आत सात काठ्या होत्या. त्यातल्या चार लाकडी दांड्याच्या, आणि त्या चारातल्या तीन मोडलेल्या. त्यांना वाटलं असेल की हा दोन दिवस खेळेल आणि सोडून देईल. पण मोडलेली वस्तू माझ्या हातात देणं म्हणजे मला आमंत्रणच.

साहेबांनी जाता जाता एक गोष्ट सांगितली आणि माझ्या डोक्यात भुंगा सोडून दिला. मागावर आडवं सूत नेणारा धोटा या टोकाकडून त्या टोकाला भिरकावणारी एक काठी असते. ती दिवसभर मार देते आणि मार खाते. साहेब म्हणाले की आपल्या जुन्या मागांवरची ती काठी आणि या गोल्फचे जुने दांडे एकाच विलायती लाकडाचे आहेत. दुसऱ्याच दिवशी मी भंगारातून अशा पाच-सहा काठ्या घरी आणल्या. त्या आखूड निघाल्या. एकीचा दांडा वाळूवर चेंडू ढकलायच्या काठीला बसला, बाकीच्यांवर पाणी तापलं.

मग मी वेत लावून पाहिला. तो इतका लवायचा की डोकं चेंडूपाशी पोचेपर्यंत माझे हात फिरून झालेले असायचे. पाण्याची बारीक नळी लावली, तर पहिल्याच फटक्याला दातापर्यंत झिणझिण्या आल्या. सागवान बसवलं, ते दुसऱ्या सकाळी मोडलं आणि डोकं चेंडूपेक्षा लांब गेलं. पद्धत ठरलेली होती. सरस उकळून दांडा डोक्याच्या मानेत बसवायचा, वरून मेणाचा दोरा गुंडाळायचा, मुठीला मागाच्या पट्ट्याचं चामडं. सुट्टीच्या सकाळी माळावर जायचं आणि प्रत्येक दांड्याने दहा-दहा फटके मारायचे. चेंडू माझ्याकडे तीनच होते, त्यामुळे मारण्यात जेवढा वेळ जाई त्याच्या चौपट शोधण्यात जाई.

तिथेच मामांची गाठ पडली. ते सांगोल्याकडचे मेंढपाळ. पाऊस सरला की मेंढरं घेऊन इकडे उतरायचे. गिरणीने त्यांना माळ चरायला मोकळा ठेवला होता, कारण मेंढरं गवत फुकटात कापत. बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली असतील. मामांचा कळप त्यात निम्म्यावर आला होता, त्याबद्दल ते फार बोलत नसत. ते बाभळीखाली काठीला रेलून उभे राहत आणि मी मारलेला चेंडू कुठे पडला ते न हलता सांगत. चुकार मेंढरू हेरायची सवय असलेला डोळा तो. मला एवढा उपयोगी माणूस गिरणीतही भेटला नव्हता.

हळूहळू ते दांड्यांबद्दलही बोलू लागले. त्यांची एक परीक्षा होती. काठी आडवी धरायची, वीतभर उंचीवरून दगडावर सोडायची आणि ऐकायचं. चांगली काठी खणखणते, वाईट नुसती थपकन पडते. माझा सागवानी दांडा त्यांनी तसा सोडला आणि म्हणाले, "मास्तर, ही मेल्याली हाय." पुढच्याच खेपेला तो खरोखर मोडला. तेव्हापासून मी प्रत्येक दांडा आधी त्यांच्याकडे न्यायचो. पुढे इंजिनिअर साहेबांच्या ओळखीने मुंबईहून एक पोलादी दांडा आला, नवाकोरा, वर्तमानपत्रात गुंडाळलेला. त्याने चेंडू तीस पावलं जास्त गेला आणि दहापैकी आठ वेळा सरळ गेला. आता आनंद व्हायला हवा होता. मला उलट रागच आला, कारण हाताला काहीच कळत नव्हतं. मामा म्हणाले, "लांब गेला की. पर हात काय म्हनतुया?" हा प्रश्न मला आजवर दुसऱ्या कुणी विचारलेला नाही.

आता त्यांच्या काठीबद्दल सांगायला हवं. ती भरीव कळकाची, म्हणजे बांबूची होती, अंगठ्याएवढी जाड, खाली निमुळती होत गेलेली, टोकाला लोखंडी शेंबी. तेलाने आणि चुलीच्या धुराने तिला गुळासारखा रंग चढला होता. मी ती पहिल्यांदा फिरवून पाहिली आणि माझे हात शिवशिवायला लागले. ती लवायची आणि लगेच परत यायची, ना वेतासारखी उशिरा, ना पोलादासारखी आढ्यतेने. मी त्यांना म्हणालोसुद्धा, मामा, हिचा दांडा काय होईल! ते हसले.

ती काठी त्यांच्या वडिलांनी तोडली होती. त्यांच्या घरात काठी फुटात मोजत नसत. ज्याची काठी त्याच्या कानाएवढी. ही वडिलांच्या कानाएवढी होती आणि वडील उंच होते. मामा बुटके, म्हणून त्यांच्या ती डोक्यावर जायची. पण मुलगा अगदी आजोबांएवढा झाला होता आणि त्याच्या कानाला ती बरोबर लागत होती, हे सांगताना त्यांचा चेहरा उजळायचा. कळप मुलाच्या हवाली करायच्या दिवशी काठी हातात द्यायची असते. बापाने वरच्या टोकाला मूठ धरायची, पोराने तिच्याखाली आपली मूठ धरायची, आणि मग बापाने सोडायचं. वरच्या टोकाला त्यांच्या वडिलांच्या तळव्याने एक खळगा पडला होता. त्यात मामांचा तळवा बसला होता, आता मुलाचा बसणार होता. हे सगळं त्यांनी मला एका सकाळी नीट सांगितलं. मी ऐकत होतो, पण काठी माझ्या हातात होती आणि मी तिचा तोल बघत होतो.

त्यानंतरच्या वर्षी मामा चेंडूची जागा चुकीची सांगू लागले. वीस-वीस पावलांचा फरक पडायला लागला. आधी मी वैतागलो, एक चेंडू कायमचा गेला तेव्हा जरा तोडूनही बोललो. मग जवळून पाहिलं तर उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पांढरा दिसत होता आणि डावाही धुरकटलेला. मला माझीच लाज वाटली. गिरणीच्या दवाखान्यातून चिठ्ठी घेतली, स्वतः बरोबर जाऊन त्यांना सरकारी दवाखान्यात दाखवलं आणि ऑपरेशनचा दिवस ठरवून आलो. कळप मुलगा सांभाळणार होता. तो गावाकडून येऊन मेंढरं घेऊन गेला, पण मी तेव्हा पाळीवर होतो, त्यामुळे आमची गाठ पडली नाही. वॉर्डात काठी चालत नव्हती. मामांनी ती माझ्या घरी आणून दिली आणि म्हणाले, डोळा सुधारला तरी आता कळप पोराचाच, बाहेर आलो की पहिलं काम हेच. बायकोने त्यांना चहा दिला. जाताना ते काठीकडे वळून बघत होते.

मी चार दिवस थांबलो.

त्या चार दिवसांत मी मनाशी काय काय बोललो ते मला लख्ख आठवतं. गिरणीत वस्तूला मालक नसतो. मागाची काठी मोडली की स्टोअरमधून दुसरी आणायची, मापाची असली म्हणजे झालं, माग तिला ओळखत नाही. बारा वर्षं मी हेच केलं होतं. तेव्हा कळकाला कळक, लांबीला लांबी, मामांना उलट नवी मिळेल आणि ती त्यांच्या नातवापर्यंत टिकेल, असं मी ठरवून टाकलं. बाजारात मैंदर्गीकडचा एक काठ्या विकणारा बसायचा, बायकोशी कानडीत बोलायचा आणि गिऱ्हाइकाशी मराठीत. त्याच्याकडच्या सगळ्या काठ्या मी एकेक करून दगडावर सोडून ऐकल्या. तो वैतागून म्हणाला, साहेब, काठी घेताय की बाजाची पेटी? शेवटी एक खणखणली. घरी आणून ती बरोबर लांबीची केली, जवसाचं तेल पाजलं, चुलीवर धरली. मग जुनीची शेंबी काढून नवीला ठोकली. कुणाला फसवायचं माझ्या मनात नव्हतं, असं मी तेव्हा स्वतःला सांगत होतो. फसवायचं नव्हतं तर शेंबी कशाला बदलली, हे मला कुणी विचारलं नाही आणि मीही विचारलं नाही.

दांड्याला निमुळतं टोक खाली लागतं, म्हणून मी जुनी काठी वरून कापली. दोन विती गेल्या. करवत लावताना हात थांबला असता तर आज लिहायला बरं वाटलं असतं, पण तो थांबला नाही. खालचं टोक चार बोटं तासलं, साहेबांच्या पिशवीतल्या सगळ्यात मोठ्या लाकडी डोक्यात सरस लावून बसवलं आणि दोरा गुंडाळला.

तसा दांडा मला पुन्हा कधी मिळाला नाही. पहिला फटका मारला आणि चेंडू डोक्याला लागल्याचं मला कोपरापर्यंत कळलं, दुखलं नाही, नुसतं कळलं. पोलादापेक्षा चेंडू दहा पावलं कमी गेला असेल, पण मला त्याची फिकीर नव्हती. दोन सुट्ट्यांच्या सकाळी मी खुळ्यासारखा एकट्यानेच मारत राहिलो. मी फार आनंदात होतो.

मामा तिसऱ्या आठवड्यात आले, उजव्या डोळ्यावर हिरवी झापड लावलेली, डाव्या डोळ्यापुढे अजून धूरच. ऑपरेशन चांगलं झालं होतं. पायरीवर बसले, बायकोची चौकशी केली, माझे आभार मानले आणि हात पुढे केला. मी नवी काठी दिली. त्यांनी ती वरच्या टोकाला धरली, आणि मूठ उघडून परत धरली. मग अंगणातल्या धुण्याच्या दगडावर ती सोडली. ती छान खणखणली.

"काठी चांगली हाय," ते म्हणाले. "माजी कुटंय?"

मला खोटं बोलता आलं असतं. चोरी झाली म्हणावं, असं एक क्षण मनात आलंही. पण मी आत गेलो आणि गोल्फची काठी आणून त्यांच्या हातात दिली. मी काय केलं ते सांगायला लागलो, नवी किती शोधून आणली तेही सांगायला लागलो. ते ऐकत नव्हते. त्यांचा हात दांड्यावरून वर सरकत होता. चामड्याच्या पट्टीवरून वर, टोकापर्यंत आला आणि टोकाच्याही वर गेला, जिथे काहीच नव्हतं.

"वरलं टोक कुटं हाय, मास्तर?"

मी बायकोकडे पाहिलं. ती दारात उभी होती आणि तिचा चेहरा पांढरा पडला होता. माझ्या कामाचे तुकडे कोपऱ्यात पडलेले असत आणि सकाळी ती ते गोळा करून बंबात घालत असे. वर्षानुवर्षांची रीत होती ती, तिला मी काही सांगितलंच नव्हतं. ती म्हणाली, "मामा, माझ्या हातून जळलं."

मामांनी काठी मांडीवर आडवी ठेवली. मग तिला म्हणाले, "पानी तापलं न्हवं का? मग झालं. तू कशापायी रडतीस बाई."

 त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी फक्त डोकं काढून द्यायला सांगितलं. सरस वाफेने सुटतो. मी चुलीवर पाणी ठेवलं आणि दांडा वाफेवर धरून बसलो. गडबडीत निघेना. ते पायरीवर, मी चुलीपाशी, मध्ये बायको. अर्धा तास लागला असेल. मग दोरा सोडवला, चामडं उतरवलं, नवीवरची शेंबी काढून परत जुनीला ठोकली. तासलेल्या टोकावर ती सैल झाली, म्हणून खाली कापडाची चिंधी घातली. काठी आता त्यांच्या बरगडीपर्यंत येत होती. मी म्हणालो की दोन्ही घेऊन जा. त्यांनी नवी भिंतीला टेकवून ठेवली आणि जुनी घेऊन वाकून चालत निघाले. मी बस स्टँडपर्यंत येतो म्हणालो, तेव्हा त्यांनी हाताने नको म्हटलं.

त्यानंतर कितीतरी दिवस मी माळावर गेलो नाही. पिशवी माळ्यावर टाकली. बायको माझ्याशी नेहमीसारखी बोलत होती, फक्त तुकडे गोळा करायचं तिने बंद केलं. माझी करवत चालली की ती येऊन विचारायची, हे कुणाचं आहे. मी माझंच आहे म्हणालो तरी ती जरा वेळ तिथे उभी राहायची.

पुढच्या पावसानंतर कळप पुन्हा माळावर आला. त्याच्याबरोबर मामा नव्हते. पाळी संपवून मी मागच्या फाटकातून निघालो होतो. बाभळीखाली एक उंच माणूस उभा होता, पंचविशीचा असेल. मेंढरं वळवायला त्याने काठी पुढे केली की त्याला कमरेत वाकावं लागत होतं. मी टाळून पुढे जाणार होतो, पण त्याने हाक मारली आणि माझ्याकडे आला. मीच तो मास्तर का, असं त्याने विचारलं. मी हो म्हणालो. त्याने खाली वाकून माझ्या पायाला हात लावला.

त्याने सांगितलं की आबांना, म्हणजे मामांना, आता चष्म्यातून बरं दिसतं, पण चालवत नाही, म्हणून ते घरीच असतात. दवाखान्याच्या गर्दीत काठी मोडली, वरचा तुकडा हरवला, ते आबांनी घरी आल्यावर सांगितलं होतं. "तुमी उरल्याली जपून ठिवली, शेंबी बशिवली, म्हनून ऱ्हायली," तो म्हणाला. "न्हायतर आज्याचं कायच हातात आलं नसतं."

खरं सांगायला मी तोंड उघडलं होतं. त्याने ते पाहिलं नाही, कारण तो काठीकडेच बघत होता.

द्यायच्या दिवशी अडचण झाली, असं तो हसत सांगत होता. आबांची मूठ आणि खाली त्याची मूठ, एवढ्या आखूड काठीवर दोघांना वाकावं लागलं, डोक्याला डोकं लागलं, घरातल्या बायका हसल्या. "आबांनी लई येळ सोडलीच न्हाय," तो म्हणाला. "मीच म्हनलो, आबा, सोडा की."

मग त्याने काठी माझ्यापुढे धरली. आबा म्हणतात की काठीतलं मास्तरांएवढं कुणाला कळत नाही, तेव्हा मी एकदा हातात घेऊन बघावं आणि ती कशी आहे ते सांगावं. मी घेतली. करवतीचं टोक त्याने घासून गुळगुळीत केलं होतं आणि तेल लावलं होतं. तिथे अजून खळगा पडलेला नव्हता. दगड पायाशीच होता, पण माझा हात खाली गेला नाही. तो माझ्या तोंडाकडे बघत उभा राहिला, मग त्यानेच ती माझ्या हातातून अलगद काढून घेतली, आडवी धरली आणि दगडावर सोडली.

"जित्ती हाय न्हवं?" त्याने विचारलं.

मी म्हणालो, "व्हय, जिवंत आहे."